दोन दुश्मन, एक गल्ली

काही ठिकाणी काम केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. गवतातून चालून आल्यावर सलवारीला कुसळं चिकटलेली असतात, तसे ते आपोआप चिकटून येतात. मग घरी बसून एकेक उपटायचं आणि उपटताना एकटीनंच हसायचं. जालन्याच्या गल्ल्यांमधून मी सहा महिने फिरले, त्याला आता बरेच दिवस झाले. कुसळं अजून निघतायत.

नव्वदीच्या मध्यातली गोष्ट. मस्तगडला एका छापखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही तिघं बसायचो. छापखान्याच्या शेठजींना जालना शहराची दर्शिका काढायची होती. प्रत्येक गल्लीचं नाव, ते नाव का पडलं त्याचं कारण, आणि सोबत घडी घालायचा मोठा नकाशा. आमचे प्रमुख देशमाने सर, शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे मास्तर. नकाशा काढायला रफिकभाई. आणि गल्ल्या फिरायला मी, सुनंदा, बी.ए. इतिहास, मुक्काम पोस्ट आष्टी.

आता माझ्याबद्दल एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. मी दचकते. कुकरची शिट्टी, मागून आलेली हाक, फुगा, स्वतःचीच शिंक, मला काहीही पुरतं. आणि दचकले की नुसती दचकत नाही, ओरडते. अशा मुलीला नोकरी लागली ती छपाईच्या मशीनच्या बरोबर डोक्यावर. खाली शेठजींचं ट्रेडल सुरू झालं की वर माझं.

आष्टीहून निघताना दादांनी, म्हणजे वडिलांनी, अट घातली होती. "दिवाळीपर्यंत नोकरी पक्की झाली तर राहा तिकडं. न्हाई झाली तर काकाच्या गिरणीवर बसायचं." काकांची पिठाची गिरणी. तिचा पट्टा मनात आलं की फाटकन वाजतो. त्या गिरणीवर मी सुट्टीत दोन दिवस बसले होते, आणि दोन दिवसांत तिसऱ्या गल्लीतली गिऱ्हाइकं काय झालं ते बघायला येऊन गेली होती.

म्हणून पहिल्या दिवशी सर जे जे सांगत होते, ते मी जीव मुठीत धरून लिहून घेत होते.

"चाळीस गल्ल्या," सर म्हणाले. "चाळीसच्या चाळीस झाल्या तर दिवाळीला पक्की. एकोणचाळीस झाल्या तर शेठजींचा भाचा वाटच बघतोय."

* * *

सरांचा एक नियम होता. असा नियम मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही.

प्रत्येक गल्लीच्या नावाला दोन साक्षीदार हवेत. दोघंही साठीच्या वरचे. दोन वेगळ्या घरांतले. आणि, सरांनी इथं बोट वर केलं, "एकमेकांशी न बोलणारे."

"म्हणजे भांडण असलेले?" मी विचारलं.

"हो. दोन मित्र मिळून कुठलीही थाप सांगतील. पण दोन दुश्मन ज्या नावावर एक होतात, तेच त्या गल्लीचं नाव. इतिहासात यापेक्षा मोठा पुरावा नाही."

मी बी.ए.ला तीन वर्षं इतिहास शिकले होते. हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग सरांनी खणातून तीन रबरी शिक्के काढले. नाव पडण्याचं कारण जसं असेल तसा शिक्का फॉर्मवर. पहिला 'ऐकीव'. दुसरा 'बहुतेक'. तिसरा 'प्रत्यक्ष पाहिले'. पहिले दोन शाईनं काळे झालेले, तिसरा कोरा करकरीत, अजून शाई न लागलेला.

"हा कधी वापरायचा?" मी विचारलं.

"नाव पडताना जातीनं हजर असलेलं कुणी भेटलं तर," सर म्हणाले आणि शिक्का परत खणात टाकून खण धाडकन लावला.

मी ओरडले. खाली ट्रेडल बंद पडलं.

रफिकभाई नकाशावरून मान न उचलता म्हणाले, "सर, ही बराबर टिकणार. हिचा आवाज शहरभर जातो."

* * *

आता दुश्मन शोधायचा कसा? दार वाजवून विचारणार तरी काय?

पहिल्याच गल्लीत एक आजोबा ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. मी वही छातीशी धरून, घाम पुसत विचारलं, "आजोबा, तुमचं गल्लीत कुणाशी पटत न्हाई का?"

मला वाटलं, काठी येणार. आजोबांनी शेंगांची टोपली बाजूला सरकवली आणि ओट्यावरची जागा झटकली.

"बस लेकी. किती टाइम हाय तुझ्याजवळ?"

तीन तास. त्यांनी सुरुवात आपल्या आज्यापासून केली. कुणाचा नाला कुणाच्या भिंतीला लागला, कुणाच्या लग्नात कुणाला शेवटच्या पंगतीत बसवलं, मग कोण कुणाच्या मयतीला आल्ता आणि कोण आलाच न्हाई. गल्लीचं नाव सांगायला त्यांना अर्धं मिनिट लागलं.

दुश्मन समोरच्याच घरात होते. तिथं दोन तास. नाव तेच, कारण तेच, नालाही तोच, फक्त दुसऱ्या बाजूनं.

मी सायंकाळी निघाले तर पहिले आजोबा कोपऱ्यापर्यंत मागं आले. हळूच म्हणाले, "एवढं सांगून जा. दुश्मन म्हणून त्यानं माझं नाव आधी घेतलं का त्याच्या भावाचं?"

"तुमचं," मी म्हटलं.

आजोबा कितीतरी वेळ समाधानानं मान हलवत उभे होते.

* * *

जुन्या जालन्यात एक गल्ली आहे. सरळ जाते, जाते, आणि मधेच पोटात दुखल्यासारखी वाकते. पुढं परत सरळ. वाकायला तिथं काही नाही. विहीर नाही, झाड नाही, थडगं नाही, देऊळ नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती मात्र शिस्तीत वाकलेल्या, आणि माणसंही सायकलवरून कमरेत वाकून जातात.

रफिकभाई माझ्यावर चिडले. "तुझं माप चुकलं. एवढी गोल भिंत कोण बांधतं?"

मी परत गेले. दोन दुश्मन गाठले. दोघांनी एकच सांगितलं: तिथं म्हैस बांधलेली असायची. निजामाच्या राज्यातली गोष्ट. म्हैस तापट, उठायला तयार नाही, मालकही तसाच. बैलगाड्या तिला वळसा घालून जायच्या. गाड्यांची चाकोरी पडली, चाकोरीला धरून लोकांनी भिंती बांधल्या. म्हैस गेली, मालक गेला, राज्य गेलं. गल्ली अजून वळसा घालते.

"मग तुमचं भांडण कशावरून?" मी पहिल्याला विचारलं.

"म्हैस आमची होती. ते म्हणून राह्यले, त्यांची."

दुसऱ्याकडे गेले. "म्हैस आमची होती," तेही म्हणाले. तिच्या आडमुठेपणाचा दोघांनाही सारखाच अभिमान.

सरांनी 'बहुतेक'चा शिक्का मारला. रफिकभाईंनी त्या वळणावर बारीक टिंब काढलं. विचारलं तर म्हणाले, "म्हैस. बैठी है."

* * *

मध्येच हा एक रफिकभाईंचा.

नकाशाला सहा घड्या पडणार होत्या. घडीवर जी गल्ली येईल ती दोन महिन्यांत फाटणार, ही बातमी बाजारात कशी फुटली देव जाणे. रोज कुणी ना कुणी जिना चढून यायचं. "रफिकभाई, आमचं दुकान घडीत टाकू नका." कुणी आवळा सुपारी आणायचं, कुणी नुसतीच विनवणी. रफिकभाई सगळ्यांना शब्द द्यायचे. मग घड्या जायच्या कुठं?

नमुन्याचा पहिला कागद छापून आला. तो पाहायला एक बाई आल्या, बुरख्यात, हातात डबा. त्यांनी टेबलावर नकाशा उघडला, मिटला, परत उघडला. सहाही घड्या शहराच्या एकाच भागात येऊन एकमेकींना भेटत होत्या.

"बेटा," त्या शांतपणे म्हणाल्या, "फटेगा तो सबसे पहले हमारा ही घर फटेगा."

रफिकभाईंची सासू होती ती.

डबा त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवला, माझ्याकडे बघून हसल्या आणि जिना उतरून गेल्या. रफिकभाईंनी त्या दिवशी जेवण केलं नाही. सरांनी आणि मी केलं. खिचडा फार सुरेख होता.

* * *

एका गल्लीत सगळे एकमेकांशी बोलणारे निघाले. फक्त एकाच घरात अबोला होता. सासू पंच्याऐंशीची, सून बासष्टची. दोघी बारा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण घर एक. नियमात बसेना.

मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून सरांना फोन केला.

सर म्हणाले, "चुली किती आहेत?"

"दोन."

"मग घरं दोन. लिही."

पुढच्या खोलीत सासू, मागच्या खोलीत सून, मधे मी. सासूबाई म्हणाल्या, "ही गल्ली कासारांची. बांगड्या भरायला लांब लांबून बाया यायच्या. मागं जाऊन विचार तिला, खरं हाय का न्हाई." मी मागं गेले. सून म्हणाली, "खरं हाय. आन त्यांना विचार, गोळी घेतली का." मी पुढं आले. "घेतली म्हणावं. आन दळण आणलं का विचार."

मी अकरा फेऱ्या मारल्या. शेवटच्या फेरीला हातात पातेलं होतं. वांग्याचं भरीत, मागून पुढं.

चार दिवसांनी सून स्वतः जिना चढून आमच्या ऑफिसात आली. धापा टाकत होती. मला वाटलं, तक्रार. मी टेबलाच्या मागं सरकले.

"सर," ती म्हणाली, "ती पोरगी जरा पाठवता का घटकाभर? सासूबाईला कायतरी सांगायचंय, आन त्यांना दुसऱ्या कुणाच्या हातून कळवलेलं पटून न्हाई राह्यलं."

* * *

आता शेवटची. चाळिसावी.

एकोणचाळीस गल्ल्या पूर्ण, दिवाळीला पंधरा दिवस, आणि शेठजींचा भाचा रोज वर येऊन माझ्या खुर्चीची उंची बघून जायचा.

चाळिसावी गल्ली मी मुद्दाम मागं ठेवली होती. कामाच्या दुसऱ्याच दिवशी मी तिथं गेल्ते, तेव्हाचं प्रकरण. सात घरांची गल्ली. तिथं दगडूबांनी एक एडका पाळला होता, वळलेल्या शिंगांचा भला थोरला मेंढा. दगडूबांचे वाडवडील मेंढरं घेऊन रानोरान हिंडायचे. मेंढरं गेली, हे शहरात आले, पण एक एडका तरी दारात पाहिजेच. मी वही उघडून उभी होते आणि त्यानं मागून येऊन मला हलकेच ढुसणी दिली.

मी ओरडले. कशी ओरडले ते मला ठाऊक नाही, पण वरच्या गच्चीतून एका बाईच्या हातची पापडाची परात खाली आली, आणि कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली. एडका स्वतः दोन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हता, असं नंतर कळलं.

तर त्याच गल्लीत परत गेले. मला बघताच एका घराचं दार लागलं, आणि न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला.

ओट्यावर दगडूबा आणि भाऊराव चहा पीत बसले होते. पन्नास वर्षं दोघं रोज तिथंच चहा पितात. चहा भाऊरावांच्या घरचा, ओटा दगडूबांचा. गल्लीला पक्कं नाव नव्हतं. भाऊराव म्हणाले, "चिंचेची गल्ली. माझ्या आज्यानं चिंच लावल्ती." दगडूबा म्हणाले, "मेंढवाडा. चिंचेच्या आधी आमची मेंढरं बसायची." दोघं हसले आणि एकमेकांना म्हणाले, "तुझंच लिहू दे."

मी गल्लीभर विचारलं. कुणाचं कुणाशी वाकडं नाही. सात घरं, एक वाकडा शब्द नाही. मी ओट्यावर येऊन बसले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय झालं गं?" दगडूबा.

मी सगळं सांगितलं. नियम, चाळीस गल्ल्या, भाचा, दादा, गिरणी, गिरणीचा पट्टा.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भाऊराव म्हणाले, "पोरीची नोकरी जाऊन राह्यली, दगडू. आपण भांडू."

"भांडू की. कशावरून?"

"तुझ्या एडक्यावरून."

"एडक्याचं नाव काढायचं न्हाई. तुझ्या चहावरून भांडू."

"चहाला काय झालं?"

"काय न्हाई. साखर नसती, एवढंच."

भाऊरावांनी कप खाली ठेवला. "पन्नास वर्षं पीत आलास, तव्हा न्हाई सांगितलं?"

"तुला वाईट वाटंल म्हणून."

"आन आता न्हाई वाटलं?"

मला वाटलं, हे नाटक चाललंय. मी मनात म्हणतही होते, किती छान करतात. मग भाऊराव उठले, किटली उचलली, घरात गेले आणि कडी लावली. दगडूबा एडक्याजवळ जाऊन पाठ करून बसले. तेव्हा मला कळलं, हे नाटक नाही.

आठ दिवस दोघं बोलले नाहीत. ओटा रिकामा. गल्लीतल्या बाया माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायच्या. नियमाप्रमाणे आता मला दोन पक्के दुश्मन मिळाले होते, आणि मला जेवण जात नव्हतं.

नवव्या दिवशी मी फॉर्म घेऊन भाऊरावांकडे गेले.

"चिंचेची गल्ली लिहू ना?"

"नको. ते लिहिलं तर तो जन्मात ओट्यावर बसू द्यायचा न्हाई. आन मेंढवाडा मी सांगणार न्हाई. सध्या लोकं जे म्हणून राह्यले ते लिही."

"काय म्हणतात?"

त्यांनी सांगितलं. माझ्या हातून पेन पडलं.

मी समोर दगडूबांकडे गेले. "मेंढवाडा लिहू ना?"

"नको बाई. मेंढवाडा लिहिलं तर त्याचा आज्या कुठं जाईल? सध्याचंच लिही, सगळ्यांच्या तोंडात बसलंय." आणि त्यांनीही तेच नाव सांगितलं. त्याच शब्दांत. सही केली. मग एडक्याची शिंगं खाजवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याच्याकडचा चहा पिऊन आलीस का?"

"हो."

"साखर?"

"दोन चमचे तरी असेल. जास्तच गोड होता."

दगडूबा उठले. टोपी घातली. एडक्याला म्हणाले, "येतो जरा," आणि गल्ली ओलांडून भाऊरावांचं दार वाजवलं. सह्या झाल्यानंतर वाजवलं, त्यामुळे नियम मोडला नाही.

मी दुपारी सरांसमोर फॉर्म ठेवला. दिवाळीला सहा दिवस. भाचा दारात उभा.

सरांनी चष्मा पुसून फॉर्म वाचला. "गल्लीचं नाव, किंकाळी गल्ली. साक्षीदार दोन. बोलत नाहीत?"

"सही करताना बोलत नव्हते."

"नाव एकच सांगितलं?"

"एकच."

"उत्तम. कारण?" त्यांनी मी लिहिलेलं मोठ्यानं वाचलं. "'येथे पूर्वी एक बाई मोठ्याने ओरडली.' पूर्वी म्हणजे केव्हा? निजामाच्या काळात?"

मी नकारार्थी मान हलवली.

"रझाकारीत?"

मी माझ्या चपलांकडे बघत होते.

"पुरावा नसेल तर मी हे कसं घेऊ? कोण बाई? कशावरून ओरडली? कुणी ऐकलं?"

भाचा एक पाऊल आत आला. आणि रफिकभाईंच्या हातून, कशी कोण जाणे, तीन फुटी लोखंडी पट्टी फरशीवर पडली.

मी ओरडले.

खाली ट्रेडल थांबलं. समोरच्या किराणा दुकानातले दोघं रस्त्यावर आले. भाचा जिन्यात होता, बराच खाली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी हळूच खण उघडला, तिसरा शिक्का काढला, शाईच्या पॅडवर नीट दाबला आणि फॉर्मवर मारला. मग पेनचं टोपण काढून 'पाहिले' हा शब्द खोडला, त्याच्यावर बारीक अक्षरात 'ऐकले' लिहिलं, आणि खाली सही केली.